बंद दाराची खिचडी

माझी सासू गावातली सगळ्यात मायाळू बाई आहे, असं सगळं गाव म्हणतं, आणि गाव खोटं बोलत नाही. अंगणवाडीत मदतनीस म्हणून त्यांनी एक आख्खी पिढी खिचडीवर वाढवली. आज पारावर बसून मोबाईल बघणारे जे टोणगे आहेत, त्यातल्या निम्म्यांची नाकं त्यांनी आपल्या पदराला पुसलेली आहेत. अशा बाईशी भांडणं फार अवघड. सासू खाष्ट असली तर चार बाया तरी सुनेची बाजू घेतात. मायाळू सासूविरुद्ध तोंड उघडलं की सूनच खाष्ट ठरते. मी ठरले, आणि त्याचं मला काही वाटत नाही.

आमच्याकडं सासूला मामी म्हणतात. इथं लिहिताना मी त्यांना अहो-जाहो करते आहे ते निव्वळ सवयीनं. मामींचा नवरा लवकर गेला, पोरगा लहान होता, तेव्हा ही मदतनिशीची जागा मिळाली आणि तिच्या जोरावर त्यांनी घर सावरलं. त्यामुळं अंगणवाडी ही त्यांच्यासाठी नोकरी नव्हतीच. ते त्यांचं राज्य होतं.

आमचं गाव हिंगोलीकडचं, साखऱ्याच्या पलीकडं, आत. सगळी कोरडवाहू जमीन, विहिरीला पाणी आहे तेवढ्याच तुकड्यात हळद. अंगणवाडी म्हणजे देवळामागची एक खोली. वर पत्रे, एक दार, एक खिडकी. स्वयंपाकाला बाजूला पडवी होती, पण एका वावटळीत तिचे पत्रे उडाले. ते आज कुणाच्या गोठ्यावर आहेत हे गावातल्या लेकरालाही माहीत आहे, पण मागायला कुणी जात नाही, कारण गोठेवाला मोठा माणूस आहे. म्हणून चूल आत आली. लेकरं जिथं बसतात त्याच खोलीच्या कोपऱ्यात ती मांडली गेली आणि तिथंच राहिली.

गॅस नव्हता असं कुणी समजू नये. शेगडी आणि टाकी सरकारनं कधीच दिली होती. मामींनी ती शेगडी धुऊन पुसून फडक्यात गुंडाळून ठेवली. दसऱ्याला तिला झेंडूचा हार घालायच्या, हळदकुंकू लावायच्या आणि पुन्हा गुंडाळून ठेवायच्या. साहेब लोक आले की तेवढ्यापुरता तिच्यावर चहा व्हायचा. खिचडी मात्र कापसाच्या पऱ्हाट्या आणि तुरीच्या तुराट्या जाळूनच, कारण गॅसवरच्या अन्नानं लेकरांच्या पोटात गॅस धरतो, ही त्यांची खात्री होती. त्या एकट्याच असं म्हणत असत्या तर मी त्यांना समजावलं असतं. पण गावातल्या सगळ्या बाया हेच म्हणत होत्या, घरी गॅसवर भाजी-भाकरी करणाऱ्यासुद्धा.

इथवर हा नुसता अडाणीपणा आहे आणि तो कुठंही सापडेल. पण आमच्या गावात त्यावर आणखी एक मजला चढवलेला होता. चूल पेटली की अंगणवाडीचं दार आणि खिडकी लावून घ्यायची, अशी पद्धत होती.

तिचं कारण असं. माझं नवीन लग्न झालं तेव्हा एकदा खिचडी खाऊन पाच-सात लेकरांना उलट्या झाल्या. तेल खवट होतं. डब्याच्या तळाशी साचलेलं ते तेल मी माझ्या नाकानं हुंगलं होतं, पण नव्या नवरीला विचारतो कोण. गावानं शोध लावला की त्या दिवशी खिचडी शिजत असताना खालच्या आळीतली एक बाई दारात उभी राहिली होती. तिला मूलबाळ नव्हतं. ती आपली सुटलेली शेळी शोधत आली होती आणि आत गेली का म्हणून डोकावली होती. बस, तिची नजर पडली. लेकरांच्या भरल्या पातेल्यावर वांझोटीची नजर पडल्यावर उलट्या होणार नाहीत तर काय, असं ठरलं. ती बाई तेव्हापासून देवळाकडं फिरकत नाही, शेताला जायचं तर ओढ्याकडून वळसा घालून जाते. आणि लेकरांचं अन्न झाकून, दार लावून शिजवायचं, असं मामींनी स्वतःहून जाहीर केलं. गावाला त्यांचं फार कौतुक वाटलं. खिडकीला खताचं पोतं ठोकलं ते तेव्हाच.

आता खोली कल्पनेत आणा. पत्र्याखाली बंद खोली, ओल्या पऱ्हाट्या, आणि भिंतीला पाठ लावून बसलेली वीस-पंचवीस लेकरं. धूर वर जाऊन पत्र्याला लागायचा आणि जागा संपली की खाली उतरायचा. लेकरांना त्याचा हिशोब कळलेला होता. धूर डोक्यापर्यंत आला की मोठी लेकरं आपणहून आडवी व्हायची, कारण जमिनीलगत कमी झोंबतं. लहान लेकरं त्यांचं बघून शिकायची. अंगणवाडीत गेलेलं लेकरू काय शिकतं, असं मला कुणी विचारलं तर मी हेच सांगेन. भिंतीवर काढलेला पोपट इतका काळा झाला होता की एकीनं त्याला कावळा म्हटलं, तर बाकीची हसली, कारण त्यांना तोंडपाठ होतं की तो पोपट आहे.

अंगणवाडीच्या ताई बाहेरगावाहून स्कूटीवर यायच्या. चूल पेटली की त्या मोबाईल घेऊन बाहेर कडुनिंबाखाली बसायच्या. आत नेटवर्क येत नाही आणि माहिती तर भरावी लागते, असं त्यांचं म्हणणं. ते खरंही असेल. पण दार लावायच्या आधी उठायचं हे त्यांना बरोबर साधायचं.

माझी मुलगी जूनमध्ये अंगणवाडीत जायला लागली आणि पावसाळा संपायच्या आत खोकायला लागली. आधी खोकला, मग शिट्टी. श्वास घेताना तिच्या छातीतून बारीक शिट्टी वाजायची. गल्लीतली पोरं तिला इंजिन म्हणायला लागली आणि तीही हसायची, कारण चार वर्षांच्या पोरीला ते कौतुक वाटत होतं. दिवाळीच्या सुट्टीत मी तिला घेऊन माहेरी, डोंगरकडा गावाला गेले. तिथं शिट्टी बंद. आम्ही परतलो, अंगणवाडी सुरू झाली, शिट्टीही सुरू. हे समजायला डॉक्टर व्हावं लागत नाही.

मी मामींना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, त्या नेहमी ऐकून घेतात. मग म्हणाल्या की माहेरून येताना पोरीला कुणाची तरी नजर लागली आहे. आमच्या अंगणवाडीत दार बंद असतं, तिथं नजर लागायचा प्रश्नच नाही, म्हणजे बाहेरच लागली. त्यांनी मीठ-मिरच्या ओवाळल्या आणि चुलीत टाकल्या. मिरच्या जळताना ठसका लागला नाही तर नजर खरी, असा हिशोब असतो. त्या चुलीपाशी जन्म काढलेल्या बाईला ठसका कशाचा लागणार. नजर खरी ठरली. मग पोरीला मांडीवर घेऊन, वरून गोधडी पांघरून, निखाऱ्यावर ओवा टाकून तिला धुरी दिली. धुरानं कोंडलेल्या छातीला धुराचाच उतारा. गोधडीखालून पोरीचा आवाज येईनासा झाला तेव्हा मी गोधडी ओढून काढली आणि निखाऱ्याचं घमेलं अंगणात फेकून दिलं. शेजारच्या बायांनी ते बघितलं. लेकराचं औषध फेकणारी आई म्हणून माझं नाव झालं ते त्या दिवशी.

दुसऱ्या दिवशी नवऱ्याला न विचारता मी पोरीला घेऊन हिंगोलीला गेले. डॉक्टरांनी घरात चूल आहे का विचारलं. मी नाही म्हणाले. मग पोरगी दिवसभर कुठं असते ते विचारलं. मी सांगितलं तशी त्यांनी लिहिता लिहिता पेन थांबवलं आणि बंद दाराचं कारण दोनदा विचारून घेतलं. दम्याची सुरुवात आहे, धूर तुटला तर बरी होईल, नाही तर जन्माचं दुखणं होईल, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. पंप दिला, आणि लहान लेकराला तो घेता यावा म्हणून एक नळकांडं दिलं, पुढं तोंडावर बसवायचं झाकण असलेलं. दम लागला तर ताबडतोब द्यायचा, जवळ ठेवायचा, लपवायचा नाही. लपवायचा नाही हे त्यांनी का सांगितलं ते घरी आल्यावर कळलं.

मामींनी पंप बघितला. मग त्यांनी दार लावून घेतलं आणि हळू आवाजात मला म्हणाल्या, "पोरीच्या जातीला पंप लावून राहिली तू. उद्या तिला कोण करून घेईल?"

चार वर्षांच्या पोरीच्या लग्नाची काळजी. तिनं तोवर श्वास घेतला पाहिजे, ही काळजी नाही. त्यांनी पंप पिठाच्या डब्यामागं ठेवला आणि गावात कुणाला दिसू द्यायचा नाही, असं ठरवलं. माझा नवरा ट्रॅक्टर चालवतो आणि हंगामात हळद पॉलिश करायचा ढोल फिरवतो. त्या ढोलाच्या आवाजात दिवस काढल्यामुळं असेल, त्याला घरातलं भांडण ऐकू येत नाही. आईला मी काय सांगू, एवढंच तो म्हणाला.

मी पोरीला घरी ठेवायला लागले. कामाला जाताना तिला सोबत घ्यायची, बांधावर झाडाखाली बसवायची. शिट्टी कमी झाली. पण मामींची अडचण झाली. मदतनिशीची स्वतःची नात अंगणवाडीत येत नाही म्हटल्यावर बाकीच्या आया काय म्हणतील. तांड्यावरून लेकरं यायची, त्या बाया तर आधीच बिचकत असायच्या. हजेरी घटली तर अंगणवाडी दुसऱ्या गावाला जोडतील, अशी एक भीतीही कुणी तरी घालून ठेवली होती. मामी माझ्याशी भांडल्या नाहीत. मी हळदीच्या कामात अडकले की त्या पोरीला गूळ-शेंगदाणे देऊन उचलून न्यायच्या. संध्याकाळी तिच्या केसांना धुराचा वास यायचा आणि मला कळायचं. मी बोलायची, दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा न्यायच्या. शेवटी मी हरले आणि एवढंच म्हटलं की नेता तर पंप सोबत न्या. ते मात्र त्यांनी लगेच कबूल केलं. पिशवीत नळकांडं आणि पंप कंबरेला खोचलेल्या बटव्यात. मला वाटलं चला, तेवढी तरी अक्कल आली.

माघ-फाल्गुनात आमच्याकडं हळद निघते. शिजवायची, वाळवायची, मग ढोलात घालून घासायची. ढोल देवळापुढच्या मोकळ्या जागेत उभा असायचा, अंगणवाडीच्या भिंतीपलीकडं, आणि तो फिरवणारा माझाच नवरा. पिवळी धूळ पत्र्यांच्या फटीतून आत जायची. लेकरांच्या पापण्या पिवळ्या, शेंबूड पिवळा. मी नवऱ्याला म्हटलं, ढोल पुढं ने. त्यानं आजूबाजूच्या माणसांकडं बघितलं आणि सगळे हसले. हळद आहे, एकजण म्हणाला, लोक दुधात घालून पितात, तुमच्या लेकरांच्या छातीत फुकटात औषध जाऊन राहिलं. आत चुलीचा धूर, वरून हळद, आणि दार बंद. त्या महिन्यात अंगणवाडीतल्या निम्म्या लेकरांना खोकला होता आणि गावाचं म्हणणं होतं की हवा पालटली.

पंप लवकर संपत होता. जो महिनोन्‌महिने पुरायला हवा तो पंधरा दिवसांत हलका लागायचा. मेडिकलवाल्यानं विचारलं की लेकराला किती वेळा देता. मी नवऱ्यावर संशय घेतला, पोरगी खेळण्यासारखा उडवत असेल म्हणून तिला एकदा चापट मारली. मामी तेव्हा समोरच भाकऱ्या थापत होत्या. त्यांनी पोरीला जवळ ओढलं आणि मला म्हणाल्या, लेकराला मारू नये.

मग ती सकाळ आली. आमची हळद शिजायला लागली होती आणि मी विहिरीपाशी होते. तांड्यावरची एक बाई पळत आली. तिचं लेकरूही अंगणवाडीत असायचं आणि त्याला उशिरा सोडायला गेली तेव्हा तिच्यापुरतं दार उघडलं होतं. तुमची पोरगी निळी पडून राहिली, एवढंच तिनं सांगितलं.

मी कशी पोचले ते आठवत नाही. दार आतून लावलेलं होतं. मी लाथा घातल्या तेव्हा कडी निघाली. धूर अंगावर आला. बाकीची लेकरं जमिनीवर आडवी झाली होती, सवयीप्रमाणं, आणि मधे मामी पोरीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. पोरीचं तोंड उघडं होतं आणि गळ्याखाली खड्डा पडत होता. मामी नळकांडं तिच्या तोंडाला लावून पंप दाबत होत्या. दाबत होत्या, हलवत होत्या, पुन्हा दाबत होत्या. त्यातून काही येत नव्हतं. चार दिवसांपूर्वीच नवा आणलेला पंप रिकामा होता.

नवऱ्याला त्या दिवशी ऐकू आलं. त्यानं ढोल बंद केला, मोटारसायकल काढली, मी पोरीला छातीशी धरून मागं बसले. दवाखान्यात तिला ऑक्सिजन लावला, वाफेचं यंत्र लावलं, सुई टोचली. दुपारी तिचा रंग पालटला आणि तिनं पाणी मागितलं. मी तोवर रडले नव्हते. पाणी मागितल्यावर रडले.

त्यानंतर मामी आल्या, कुणाच्या तरी ऑटोतून. दवाखान्याच्या पायऱ्या चढून खोलीपर्यंत येताना त्यांच्या छातीचा आवाज आमच्यापर्यंत येत होता. डॉक्टर पोरीला तपासत होते. त्यांनी मान वळवून दाराकडं बघितलं, मामींना बसवलं, छातीला नळी लावली आणि काही न विचारता दुसरं यंत्र मागवलं. आजी आणि नात शेजारी शेजारी, दोघींच्या तोंडावर सारखाच मास्क. थोडा दम बसल्यावर डॉक्टरांनी विचारलं की आजी, हा त्रास केव्हापासून, काही औषध घेता का. मामींनी मास्क बाजूला केला.

"पंप घेते ना मी," त्या म्हणाल्या. "हिचाच."

त्यांनी पोरीकडं बोट केलं. त्यांना लाज वाटली नाही, कारण मला वाटतं त्या क्षणी त्यांना त्यात काही चुकलं असं वाटतच नव्हतं. एका घरातलं औषध, दोघींनी घेतलं. दिवाळीनंतर एकदा चुलीपाशी त्यांचा दम कोंडला, पोरीचा पंप बटव्यात होता, त्यांनी ओढून बघितला आणि छाती मोकळी झाली. आयुष्यभर धूर गिळून त्यांची छाती माझ्या पोरीच्या कितीतरी आधी संपलेली होती. मग त्या तो ओढतच राहिल्या, आधी दिवसा चुलीपाशी, मग घरी येऊन, मग पहाटे. गावाला कळलं असतं तर मदतनीस दमेकरी आहे म्हणून काढलं असतं, म्हणून चोरून.

मी त्यांना बाहेर नेलं, नळापाशी. तुम्हाला माहीत होतं ना ते संपत आलंय, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, "लेकराचा जीव केवढा, त्याला किती लागतंय. मला वाटलं उरंल."

ते ऐकून तोंडात जे आलं ते मी बोलले, आणि आजही त्यातला शब्द मागं घ्यायला तयार नाही. म्हटलं, "तुमी मेल्या असत्या तं मी रडले असते, मामी. ही मेली असती तं मी तुमाला त्याच चुलीत घातलं असतं."

"बराबर हाय," त्या म्हणाल्या. मग त्यांनी नळाखाली तोंड धुतलं.

त्यानंतर मला वाटलं की मी जिंकले. डॉक्टरांनी मामींना त्यांचा वेगळा पंप दिला आणि चुलीपासून लांब राहायला सांगितलं. त्यांनी मान हलवली. घरी आल्यावर मी अट घातली की चूल बाहेर गेली पाहिजे, नाही तर दार तरी उघडं राहिलं पाहिजे, आणि पोरगी तिकडं जाणार नाही. त्याही वेळी मान हलवली. दोन-तीन आठवडे सगळं गोड चाललं. पोरगी माझ्यासोबत शेतात. मामी सकाळी शांतपणे अंगणवाडीत जायच्या, परत यायच्या, खोकायच्याही कमी. त्यांनी पंप आता लपवणं सोडलं होतं. उलट ओसरीवर बसून चारचौघींसमोर ओढायच्या आणि छाती कशी मोकळी होते ते सांगायच्या. मला आनंद झाला. मूर्खासारखा आनंद झाला.

एक दिवस नळावर एका बाईनं माझे आभार मानले. म्हणाली, तुझ्यामुळं आमच्या लेकरांची सोय झाली. कसली सोय, ते ती नीट सांगेना. घरी आले तर पोरगी नव्हती. मी अंगणवाडीकडं गेले.

दार बंद होतं आणि कडी अजून बसवलेली नव्हती, म्हणून नुसतं ढकललं. चूल पेटलेली. पातेलं चढलेलं. धूर पहिल्याइतकाच. आणि त्या धुरात लेकरं ओळीनं उभी होती, प्रसादाला उभी राहतात तशी. मामी पाटावर बसून एकेकाला पुढं बोलवत होत्या. तोंड उघड, वढ, असं म्हणून स्वतःचा पंप त्याच्या तोंडात उडवत होत्या, मग पदरानं पुसून पुढच्याला. खोकणाऱ्यालाही देत होत्या, न खोकणाऱ्यालाही. माझी पोरगी त्यांच्या शेजारी उभी राहून नवीन लेकरांना शिकवत होती की आधी सगळा श्वास सोडायचा आणि मग ओढायचा. तिला ते नीट येत होतं. डॉक्टरांनी तिला मन लावून शिकवलं होतं.

मामींनी माझ्याकडं बघितलं. त्यांचा चेहरा उजळलेला होता. इतक्या वर्षांत त्यांना पहिल्यांदा असं वाटत होतं की आपली सून काही तरी चांगलं घेऊन आली.

"आता काहून भेतीस," त्या म्हणाल्या. "धूर झाला तरी काय होतंय? दवा हाय ना."

मी ओळ मोडली, पंप हिसकावून घेतला, खिडकीचं पोतं ओढून काढलं. लेकरं रडायला लागली. आवाजानं ताई आत आल्या आणि मला समजावू लागल्या की पालक खूश आहेत, कुणाचीच तक्रार नाही, उलट हजेरी वाढली आहे. एका लेकराचं औषध दुसऱ्याला देता येत नाही, छाती धडधडते, एखादं लेकरू दगावेल, असं मी ओरडून सांगितलं. तोवर बाया जमल्या होत्या. त्यातल्या एकीनं मला सरळ विचारलं की तुझ्या पोरीला औषध आणि आमच्या पोरांना नको, असं का. दुसरी म्हणाली, हिची पहिल्यापासूनच नियत तशी. पोतं पुन्हा कुणी ठोकलं ते मी बघितलं नाही, पण संध्याकाळी ते जागेवर होतं.

मी तालुक्याला जाऊन तक्रार केली. तपासणी झाली. त्या दिवशी शेगडी फडक्यातून बाहेर आली, खिचडी गॅसवर झाली, दार सताड उघडं होतं आणि ताईंनी लेकरांकडून टाळ्या वाजवून घेतल्या. मी घरून बघत होते. त्या दिवशी एका लेकरानं खिचडी नको म्हटलं, तर दार उघडं होतं म्हणून, असं दुसऱ्या दिवशी गावभर झालं. मग दार पुन्हा लागलं ते लागलंच. लेकरांना पंप देणं तेवढं मामींनी बंद केलं, कारण तो संपला, आणि एवढ्या लेकरांना पुरवायचा तर तेवढे पंप कोण आणणार.

माझी पोरगी मी पुन्हा पाठवली नाही. ती बरी आहे. धावते, दमते, पुन्हा धावते, शिट्टी क्वचित. मामींशी मी कामापुरतं बोलते. एका पोरीपुरती मी जिंकले, असं मी मनाशी म्हणायला लागले होते. आणखी एक लेकरू वाचलं, असंही मला वाटत होतं. ज्या तांड्यावरच्या बाईनं मला पळत येऊन सांगितलं होतं, तिनं माझी पोरगी निळी पडलेली डोळ्यांनी बघितली होती. त्यानंतर तिनं आपल्या मुलाला अंगणवाडीत पाठवणं बंद केलं होतं. कुणाच्या सांगण्यानं नाही, भीतीनं. मला त्या भीतीचं मोल वाटायचं. आख्ख्या गावात एकीला तरी कळलं, असं वाटायचं.

गेल्या आठवड्यात ती माझ्या अंगणात आली. मुलगा कडेवर होता आणि त्याच्या छातीतून तो आवाज येत होता. आवाज मी ओळखते. जुनं दुखणं, मधेच उसळतं, म्हणाली. मी दोघांना घेऊन हिंगोलीला गेले, त्याच डॉक्टरांकडं. त्यांनी तपासलं, पंप दिला, नळकांडं दिलं, धुरापासून लांब ठेवा म्हणून बजावलं. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं. कसा द्यायचा ते मी तिला परत येताना एसटीत दोनदा करून दाखवलं, आणि दुसऱ्यांदा तिला बिनचूक जमलं. गावात उतरल्यावर तिनं पंप पदराच्या टोकाला घट्ट बांधला. किती दिवसांनी तिच्या तोंडावर हसू होतं.

"लई उपकार झाले, बाई," ती म्हणाली. "तकलीफ व्हईल म्हणून घरी ठेवलं व्हतं इतके दिस. आता उद्यापासून धाडते अंगणवाडीत."

मी तिला पुष्कळ सांगितलं, रस्त्यावर उभं राहून, लोक बघेपर्यंत सांगितलं. ती ऐकत होती, हसत होती, मान हलवत होती. तिच्या पदरातून तो पंप परत सोडवून घ्यावा असं मला वाटलं, आणि माझा हात पुढं गेलाही होता. पण पोराला तेव्हाही दम लागलेला होता.